दोन्ही नावे माझीच

आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं वाक्य माझं नाही. ते असं आहे: 'वरील दोन्ही नावे माझीच असून ती धारण करणारी व्यक्ती मी एकच आहे.' कल्याणच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून मी तीसेक वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली. आधी मराठी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. हे वाक्य बोटांना इतकं पाठ झालेलं होतं, की समोरच्या माणसाशी गप्पा मारता मारता ते आपोआप कागदावर उतरायचं. बोटांच्या या हुशारीचा मला बराच काळ अभिमान होता. तो पुढे कसा उतरला तेही सांगणार आहे, कारण नुसतं स्वतःचं कौतुक लिहायचं असेल तर दिवाळी अंकाची पानं कशाला अडवा?

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला नीट कळत नाही. लोक आम्हाला 'वकीलसाहेब' म्हणत. पहिले काही दिवस मी 'मी वकील नाही हो' असं सांगायचो, मग सोडून दिलं. आमचं काम एवढंच, की माणूस जे तोंडाने सांगतो ते सरकारला पटेल अशा मराठीत लिहून द्यायचं. तो म्हणतो, 'माझं कार्ड हरवलं'. आम्ही लिहितो, 'सदर कार्ड माझ्याकडून गहाळ झाले आहे.' मग शेजारच्या नोटरीसमोर त्याने सही करायची, गोल शिक्का बसायचा, आणि जी गोष्ट त्या माणसाच्या तोंडून कोणी ऐकून घेतली नव्हती ती एकदम खरी व्हायची. या जादूला प्रतिज्ञापत्र म्हणतात.

माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक नावाच्या भानगडीसाठी येत. आधारकार्ड आल्यापासून तर फारच. त्याआधी माणूस शाळेत एक, रेशनकार्डावर दुसरं आणि गावात तिसरं नाव घेऊन सुखाने जगत होता. कोणी एकाशेजारी एक ठेवून बघत नव्हतं. कॉम्प्युटरने ती सगळी नावं शेजारी शेजारी ठेवली आणि घोटाळा झाला. एक रिक्षावाला आला होता. लायसनवर संतोष, रेशनकार्डावर संतोश, आणि मुलीच्या दाखल्यावर बापाचं नाव सन्तोष. तो म्हणाला, "साहेब, मी सकाळपासून तीन ऑफिसात फिरलो. घरून निघालेलो तेव्हा एकटाच होतो."

दोन नावांच्या मधे कुठला शब्द घालायचा, हा आमच्या धंद्यातला सर्वांत नाजूक प्रश्न. कायद्याला 'ऊर्फ' चालतो. पण लोकांना तो आवडत नाही, कारण पेपरात तो फक्त पकडलेल्या माणसांच्या नावात असतो. डोंबिवलीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी माझा मसुदा वाचला आणि आधी लाल पेनाने त्यातल्या 'उर्फ'चं पहिलं अक्षर दीर्घ केलं. मग म्हणाल्या, "आणि दीर्घ केलं तरी हा शब्द मला नको. मी काय दरोडा घातलाय?" त्यांना 'तथा' हवा होता. मराठीत 'तथा' हा मोठ्या माणसांचा शब्द आहे. अमुक तथा भाऊसाहेब, तमुक तथा नानासाहेब. म्हणजे माणूस तोच, नावंही दोन्हींकडे दोनच, पण पुढाऱ्याला 'तथा' आणि आरोपीला 'ऊर्फ'. मी बाईंना 'तथा' घालून दिला. त्यांच्या शिक्षण खात्याने तो परत पाठवला, मग बाई निमूटपणे 'ऊर्फ' झाल्या.

बायकांसाठी तिसराच एक शब्द आहे: 'पूर्वाश्रमीची'. तो मी शेकडो वेळा टाइप केला आणि एकदाही थांबून वाचला नाही. पूर्वाश्रम संन्याशाचा असतो. ज्याने घरदार, आईबाप, नाव, सगळं सोडलं त्याचा. आपल्याकडे हा शब्द बाईच्या लग्नाआधीच्या नावाला लावतात आणि पत्रिकेतही छापतात. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या तरुण वकीलबाईंनी एकदा मला सांगितलं होतं, की जन्मल्यापासून स्वतःचं नाव असणं हा माणसाचा हक्क आहे, असं जगभरच्या देशांनी मिळून लिहून ठेवलंय. मी म्हटलं, "जन्मापासून आहे, ठीक. लग्नापर्यंत आहे की पुढेही आहे?" त्या हसल्या, मीही हसलो. त्या वेळी ते मला विनोदाने सुचलं होतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत लग्न लागल्यावर नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. मधलं नाव बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव सासरचं येतं, आणि पहिलं तेवढं उरलेलं असतं, ते तांदळात जातं. पेढे वाटले जातात. सगळे नाव विचारतात, छान आहे म्हणतात. मी स्वतः तांदळात लिहिलेलं आहे, त्यामुळे इथे मी कोणाला नावं ठेवणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

मी टेबल बंद केलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. जून महिना होता. त्या दिवसांत शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनमुळे आमच्याकडे सकाळपासून रांग असते. रांगेत एक जोडपं उभं होतं. नवरा साठीचा, पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. बायको पंचावन्नच्या आसपासची, उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू. डोंबिवलीजवळ कोपरच्या बाजूला यांची पूर्वी भातशेती होती, आता तिथे इमारत आहे आणि तिच्या खालच्या गाळ्यात यांचंच हार्डवेअरचं दुकान आहे, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी बाई समोर बसल्या आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "मना दादाला किडनी द्यायची हाय. त्ये बोलतात, तू त्याची बहीन हायस ह्याचा कागद आन."

त्यांचा थोरला भाऊ दामोदर घोडबंदर रोडच्या बाजूच्या गावातला. बाप पूर्वी मिठागरावर कामाला होता. भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, डायलिसिस सुरू होतं, आणि आता हृदयही थकायला लागलंय, फार थांबू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बहिणीच्या सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. अडलं होतं ते कागदावर. किडनी विकण्याचे प्रकार होतात, परक्या माणसाला भाऊ-बहीण दाखवून आणतात, म्हणून हॉस्पिटलची समिती नातं तपासून बघते. ते बरोबरच आहे. मी त्या समितीत असतो तर मीही तपासलं असतं.

मी विचारलं, "तुमचं नाव?"

"सुनीता मोरेश्वर पाटील."

"भावाचं?"

"दामोदर बालाराम भोईर."

मी दोन्ही नावं एकाखाली एक टाइप केली आणि बघत बसलो. सख्खे भाऊ-बहीण, एका आईच्या पोटचे, आणि कागदावर दोघांत एक शब्द सारखा नव्हता.

"माहेरचं नाव काय तुमचं? पहिलं नाव?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मोरेश्वरराव रांगेकडे बघत होते. मग त्या म्हणाल्या, "चांगुना." आणि लगेच, सांगायला पाहिजे असं वाटून, "जुना नाव हाय. आजीचा व्हता."

मोरेश्वरराव म्हणाले, "त्ये टायमाला सुनीता नाव चांगला वाटायचा. मीच ठेवला."

बाईंकडे चौथीपर्यंतचा शाळेचा दाखला होता. त्यावर चांगुणा बाळाराम भोईर. आधारकार्डावर सुनीता मोरेश्वर पाटील. या दोघी एकच आहेत हे सांगणारा कागद जगात कुठेही नव्हता. तो मी करायचा होता. माझ्या रोजच्या कामातलं काम. दहा मिनिटांत केला, मधे 'ऊर्फ' घातला, त्यांनी सही केली, शिक्का बसला आणि ते दोघं गेले. मी पुढच्या माणसाला बसा म्हटलं.

आठवड्याने बाई परत आल्या. रांगेत न थांबता सरळ माझ्या टेबलाशी. हातात तोच कागद. माझ्यासमोर ठेवला आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "भाऊ, तुमी ह्ये काय लिवलंव?"

मी वाचलं. 'मी माझे चांगुणा हे जुने नाव कायमचे सोडून दिले असून यापुढे सदर नावाशी अथवा सदर नावाच्या व्यक्तीशी माझा काहीएक संबंध राहिलेला नाही.'

काय झालं ते मला त्या क्षणी कळलं. आमच्याकडे दोन वेगळे नमुने असतात. एक 'दोन्ही नावे एकच' असं सांगणारा, आणि दुसरा राजपत्रात नाव बदलून घेणाऱ्यांसाठीचा. दोन्हींची सुरुवात सारखी आहे. त्या दिवशीच्या गर्दीत मी आदल्या दिवशीची नावबदलाची फाइल उघडली, त्यातली नावं बदलली, माझं लाडकं वाक्य बोटांनी घातलं, आणि खालचा परिच्छेद तसाच राहिला. एकाच पानावर वर लिहिलेलं, की चांगुणा मीच आहे, आणि खाली, की चांगुणेशी माझा संबंध नाही. नोटरीने विचारलं होतं, "वाचून दाखवलं ना?" मी म्हणालो होतो, "हो हो."

हॉस्पिटलच्या समन्वयक मॅडमनी तो कागद बघून विचारलं होतं, "ताई, यात तर तुम्हीच लिहून दिलंय, की ती मी नाही. मग दामोदररावांची बहीण कोण?" आणि प्रकरण समितीपुढे गेलंच नाही. समिती पंधरा दिवसांतून एकदा बसते. म्हणजे माझ्या एका परिच्छेदाने त्या भावाचे पंधरा दिवस गेले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाणी मोजून प्यायचं, पाय सुजलेले.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मना वाचता येतं, भाऊ. पन तुमचेवर इस्वास टाकला, नी सही केली. तुमी तर मना बापापासून वेगलीच केलंव."

मी त्यांची माफी मागितली. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाची माफी मी बऱ्याच वेळा मागितलेली आहे, वेलांटी चुकली, तारीख चुकली म्हणून. त्या सगळ्या माफ्या तोंडच्या होत्या. ही पहिल्यांदाच पोटातून आली, आणि तरीही ती पुरेशी नाही हे मला कळत होतं.

त्या दिवशी मी रांगेला सांगितलं, आज टेबल बंद. कोणताही नमुना न उघडता कोरं पान घेतलं आणि शिकाऊ असताना करायचो तसं एकेक वाक्य बाईंना विचारून लिहिलं. सुरुवातीलाच अडलो. त्यांना म्हटलं, "आधी कुठलं नाव घेऊ? नियमाने सध्याचं आधी येतं. सुनीता ऊर्फ चांगुणा."

त्या म्हणाल्या, "दादाची बहीन कोन? चांगुना. मंग चांगुना आधी घ्या. नी त्यो उर्फ काहारा. मी दोन नाय. मी एकच हाय." काहारा म्हणजे काढा.

मी 'ऊर्फ' काढला. 'तथा' घालवेना, 'पूर्वाश्रमीची' तर अजिबात घालवेना. बऱ्याच वेळाने मी लिहिलं, 'चांगुणा बाळाराम भोईर म्हणजेच सुनीता मोरेश्वर पाटील.' साधं 'म्हणजेच'. इतकी वर्षं हा शब्द माझ्या घरात होता, पण टेबलावर कधी आणला नव्हता. शेजारच्या वकीलबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, चालेल, अर्थ स्पष्ट आहे. मग पूर्ण कागद मी मोठ्याने वाचून दाखवला, अगदी 'स्थळ: कल्याण' पर्यंत.

वाचून झाल्यावर बाईंनी सहज विचारलं, "तुमचे घरी? तुमी पन बदललंव नाव?"

मी हो म्हटलं. माझी बायको निर्मला होती, मी तिची अनघा केली. लग्नाआधी आठ दिवस विचार करून हे नाव शोधलं होतं, आणि आपण तिला काहीतरी सुंदर देतोय अशी माझी प्रामाणिक समजूत होती. घरी गेल्यावर तिला विचारलं, "तुला तेव्हा काय वाटलं होतं गं?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तेव्हा विचारलं असतंत तर नको म्हटलं असतं. आता राहू दे. अनघालाही माझी सवय झालीये." आणि देठं वेगळी करत राहिली. मला वाईट वाटलं ते तिने रागावून म्हटलं नाही याचं.

पुढच्या समितीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलला गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण कागदात आणखी काही निघालं तर जागेवर दुरुस्त करता यावं म्हणून कोरे कागद, पेन, आणि ओळखीच्या ठाण्याच्या नोटरीचा नंबर घेऊन निघालो. बायको म्हणाली, "एवढं तर स्वतःच्या पेन्शनसाठीसुद्धा कधी गेला नसतात." मी म्हटलं, "मला पेन्शन कुठे आहे?" ठाण्यात खोपटला उतरून पुढे घोडबंदरची बस धरली, आणि अर्थात ती पुलाखाली अडकली. बाई खिडकीशी बसल्या होत्या. एकदा बोट दाखवून म्हणाल्या, "हिथं आमचा मिठागर व्हता." तिथे आता पंचवीस मजल्यांचे चार टॉवर आहेत. मोरेश्वरराव सारखे घड्याळ बघत होते.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर समितीची खोली. बाहेर बाक. दामोदरदादा व्हीलचेअरवर बसून आले. मी त्यांना प्रथमच बघत होतो. अंग सुजलेलं, चेहरा काळवंडलेला, पण बहिणीला बघून हसले आणि म्हणाले, "आलीस का गो?" तिने त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. एवढंच दोघांचं बोलणं झालं. मग त्यांना एकट्यालाच आत नेलं, कारण तिथे दोघांना वेगवेगळं विचारतात, त्याचं चित्रीकरणही होतं.

पाच मिनिटांत त्या समन्वयाचं काम करणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. चेहरा उतरलेला. त्यांनी मोरेश्वररावांना बाजूला घेतलं, पण मला ऐकू आलं. "तुमचे मेहुणे म्हणतात, सुनीता पाटील नावाच्या कोणालाच मी ओळखत नाही. आतल्या डॉक्टर मॅडमनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नाही म्हणाले."

मोरेश्वरराव तिथेच बाकावर बसले. बाई उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या. मी मात्र माझ्या फाइलवर हात आपटला, कारण जे मला तीसेक वर्षांत सुचायला हवं होतं ते तेव्हा सुचलं. भाऊ बहिणीला सासरच्या नावाने कधी हाक मारतो? पत्रिकेतलं, तांदळातलं नाव त्याने एकदा लग्नात ऐकलं असेल आणि त्याच दिवशी विसरला असेल. त्याच्यासाठी ती चांगुणाच. रोज जिच्याशी बोलतो, जिची किडनी घेणार, तिचं सरकारी नाव त्याला माहीत नव्हतं, आणि तो खोटं बोलत नव्हता. शपथेवर खरं सांगा म्हटलं होतं, त्याने खरं सांगितलं.

मी मॅडमना म्हटलं, "त्यांना नाव सांगून विचारू नका. बहीण आहे का असं विचारा." आणि माझा कागद त्यांच्यासमोर धरला. त्या म्हणाल्या, "काका, तुमचा कागद आत आहे. आज कागद नाही बघायचा, माणसं बघायचीत." हे वाक्य ऐकून माझ्या धंद्याची मला जरा कीव आली. पण त्या आत गेल्या आणि त्यांनी तसं सांगितलं असावं, कारण दार लगेच उघडलं नाही.

पुढचं मला दामोदरदादांनी स्वतः सांगितलं. समितीच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी विचारलं, "बरं, बहीण आहे का तुम्हाला?" ते म्हणाले, "हाय ना. चांगुना. भाईरच बसलीये." मग त्यांनी आईचं नाव विचारलं नाही, ते कागदावर होतंच. त्यांनी विचारलं, "लहानपणी आईला हाक काय मारायचात?"

ते म्हणाले, "वयनी."

आता हे आमच्याकडच्या लोकांना लगेच कळेल. एकत्र घरात धाकटे दीर थोरल्या भावजयीला वहिनी म्हणतात, पोरं दिवसभर तेच ऐकतात, आणि जन्मदात्या आईला वहिनी म्हणत मोठी होतात. हे कोणत्याही दाखल्यावर लिहिलेलं नसतं. शिकवून सवरून आणलेली तोतया बहीण 'आई' म्हणेल, फार तर 'बय' म्हणेल.

दादांना बाहेर आणून लगेच बाईंना आत नेलं, दोघांना बोलू दिलं नाही. मी, दादा आणि मोरेश्वरराव बाहेर बसलो. मग आतून हसण्याचा आवाज आला. डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न विचारला होता, बाईंनी तेच उत्तर दिलं होतं, आणि डॉक्टरबाईंना हसू आवरेना, कारण त्यांचे वडीलही स्वतःच्या आईला वहिनीच म्हणायचे.

मंजुरी मिळाली. दादा घरी जाताना मला म्हणाले, "बरा झाला सांगितलांव. पन मना खरंच म्हाईत नव्हता हो. सुनीता. चांगला नाव हाय."

त्यानंतर मला बरेच दिवस काही कळलं नाही. फोन करायचा धीर होत नव्हता. आमच्याकडे आलेला माणूस शिक्का मारून गेला की त्याचं पुढे काय झालं हे सहसा कळत नाही. कितीतरी बायकांना मी 'पूर्वाश्रमीच्या' करून पाठवलं, त्यांतल्या एकीचाही चेहरा मला आठवत नाही, याची खंत आता वाटते.

श्रावण संपता संपता मोरेश्वरराव टेबलाशी आले. एकटेच. पिशवीत घरच्या वेलाची शिराळी होती. ती माझ्या कीबोर्डवरच ठेवली. म्हणाले, "दोघं पन बरी हायत. दादा पानी पितोय, पाहिजे तेवरा." मी हात जोडले. कोणाला जोडले ते माहीत नाही.

मग ते बसले. रांगेत तीन-चार माणसं होती, तरी मी त्यांना थांबायला सांगितलं, कारण मोरेश्वररावांना काहीतरी बोलायचं होतं आणि ते निघत नव्हतं. पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत ते बोलायला लागले.

"ऑपरेशन बरा झाला. पन ती भुलीतून जागी होई ना. डॉक्टर बोलत, घाबरू नका, होतं असा. नर्सबाई आवाज देत व्हती. सुनीताताई, डोले उघडा. सुनीताताई, आयकू येतं का? धा वेला बोलली असंल. काय नाय. मंग मना आत बोलावला. घरचा आवाज द्या बोलली. मी बोललो, अगो, ऊठ. काय नाय. मी बोललो, सुनीता. काय नाय. मंग माझे तोंडातून कसा काय निघाला, मनाच म्हाईत नाय. मी बोललो, चांगुना."

त्यांनी बोटाला गुंडाळलेली दोरी सोडवली.

"लगेच डोले उघरलं तिनं. नी बोलली, ओ."

त्यांनी रुमाल काढला, डोळे पुसले आणि लाज वाटल्यासारखं रांगेकडे एकदा बघितलं.

"अडतीस वर्सं झाली लग्नाला. मना वाटत व्हता, ती कवाच सुनीता झाली."